तुम्ही विचारलंत म्हणून : ‘सरदारांनी देश विकलाच ना?’

स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरात राहते, त्यामुळे घरी पाहुण्यांची ये-जा असते. फिरवायला नेलं आणि पार्लमेंट स्क्वेअर आला की कोणीतरी विचारतंच, “काय गं, 1707 साली यांच्या सरदारांनी पैसे खाऊन देश इंग्लंडच्या घशात घातला ना? म्हणजे फितुरीच की! आणि लोक गप्प बसले?”

बरीच वर्षं मी सरळ “हो” म्हणायचे. त्या सरदारांपैकी लॉर्ड बॅन्फच्या वाट्याला 11 पौंड 2 शिलिंग आले, एवढं सांगितलं की हमखास हशा. लंडनहून 20 हजार पौंड गुपचूप आले, वाटले गेले, हे खोटं नाही. 110 विरुद्ध 67 मतांनी स्कॉटलंडच्या संसदेने इंग्लंडशी एक होण्याचा करार मंजूर करून स्वतःला मोडीत काढलं, हेही खरं. घेणारे म्हणायचे, आमचे थकलेले पगारच मिळाले. म्हणणारच. पण 11 पौंडांत फिरणारं मत आधी कुठे ठाम होतं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. फितूर सापडला की आपला इतिहास संपतो, लहानपणापासूनची सवय.

लोक मात्र गप्प नव्हते. डम्फ्रिजमध्ये कराराची कलमं भर चौकात जाळली. एडिंबरात दंगली झाल्या. ‘बिचारी जनता आणि बदमाश सरदार’ असं छान जमून आलं होतं माझं. मग करारच्या दोन वर्षं आधीचा, ग्रीन नावाच्या इंग्रज कप्तानाचा खटला वाचनात आला. खरं तर त्यात ‘मलबार’ दिसलं म्हणून वाचायला घेतला.

एका स्कॉटिश कंपनीने पनामाकडे वसवलेली दारिएनची वसाहत बुडून लोकांची पुंजी गेली होती. त्याच कंपनीचं ‘स्पीडी रिटर्न’ हे जहाज पूर्वेकडे गेलं, ते परत आलं नाही. तिचं आणखी एक जहाज इंग्रजांनी जप्त केलं. 1704 च्या उन्हाळ्यात ‘वूस्टर’ नावाचं इंग्रजी जहाज हिंदुस्थानातून परतताना एडिंबराजवळच्या फोर्थच्या खाडीत आलं. कंपनीच्या सेक्रेटरीने पाहुणा म्हणून वर जाऊन ते ताब्यात घेतलं. एवढ्यावर ती फिटंफाट झाली असती. पण खलाशी दारूच्या नशेत काहीबाही बरळले आणि कुजबुज सुरू झाली : यांनीच मलबारच्या किनाऱ्यावर आपलं जहाज लुटलं, माणसं कापली. कोणतं जहाज, कुठे, कधी, याचा धड पत्ता नाही. तरी कप्तान टॉमस ग्रीन आणि त्याच्या माणसांना मार्च 1705 मध्ये फाशीची शिक्षा झाली.

तेवढ्यात लंडनहून कागद आले. ‘स्पीडी रिटर्न’वरचेच दोन खलाशी जिवंत परतले होते. त्यांनी शपथेवर सांगितलं होतं की जहाज मादागास्करजवळ दुसऱ्याच चाच्यांनी नेलं. दोन्ही देशांची राणी असलेल्या अॅनने फाशी लांबवायला सांगितलं. 11 एप्रिलला एडिंबरात प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राणीच्या वतीने कारभार पाहणारं मंडळ, बसलं, तर कितीतरी सभासद फिरकलेच नाहीत. बाहेर सगळं शहर लोटलेलं. कौन्सिलने माफी दिली नाही. तरी दिली अशी आवई उठली आणि चॅन्सेलर, म्हणजे स्कॉटलंडचा बडा सरकारी अधिकारी, सीफील्डच्या गाडीच्या काचा फुटल्या. त्याने एका घरात पळून जीव वाचवला. त्याच दिवशी एडिंबराच्या लीथ बंदराच्या वाळूवर ग्रीन आणि त्याची दोन माणसं, मॅडर आणि सिम्पसन, लटकले. बाकीच्यांना पुढे गाजावाजा न करता सोडून दिलं.

तुम्ही म्हणाल, ही लंडनची वकिली करतेय. नाही हो. दोन वर्षांनी करारात 3,98,085 पौंडांची भरपाई ठरली, त्यातून दारिएनमध्ये ज्यांचे पैसे बुडाले होते त्यांचे फेडले, तेव्हा मलाही चीड येते. गर्दीचा रागही मला कळतो. त्या दिवशी लीथला असते तर मी कोणाबरोबर ओरडले असते, ते मला चांगलं ठाऊक आहे. सीफील्डबरोबर नक्कीच नाही. आणि हाच सीफील्ड पुढे कराराच्या बाजूने होता! त्या फुटक्या काचा त्याच्या किती डोक्यात बसल्या, कोण सांगणार. पैसे घेणारा फितूर, तर घरी बसून राहिलेले ते कौन्सिलवाले कोण?

परवा आलेल्या मावशींना हे सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, “ते असू दे गं, पण विकला ना शेवटी?” मी लीथच्या ट्रामची तिकिटं काढली. वाळू आता राहिलेली नाही, तिथे गोदी झालीय, तीच दाखवली. मावशींना वारा सोसवेना, म्हणून लवकर परतलो.