माशाच्या डोळ्यात डोपामिनचे काय काम?

मी माशांच्या दृष्टिपटलावर संशोधन करतो असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डोपामिन हे तर आनंदाचे रसायन, मग ते माशाच्या डोळ्यात काय करते? आनंदाचे बिरूद त्याला वर्तमानपत्रांनी चिकटवले आहे. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उन्हातून घरात आलो की आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते. गोल्डफिशला ही सोय नसल्यामुळे त्याच्या दृष्टिपटलातील पेशीच जागा बदलतात. उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आखडून प्रकाशाच्या दिशेने पुढे येतात, तर मंद प्रकाशासाठी असलेल्या दंडपेशी लांब होऊन रंजकद्रव्याच्या आड जातात. अंधारात याच्या उलट घडते. ग्रीन सनफिशचे अंधारात ठेवलेले दृष्टिपटल नुसते डोपामिनच्या द्रावणात बुडवले, तरी शंकुपेशी उजेड पडल्यासारख्या आखडतात. शिवाय दृष्टिपटलातील आडव्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म जोडांनी बांधलेल्या असतात. डोपामिन ते जोड बंद करते आणि प्रत्येक पेशी दूरवरचे संदेश गोळा करण्याऐवजी आपल्या जवळपासचेच ऐकू लागते.

एवढ्यावरून उजेड म्हणजे डोपामिन आणि अंधार म्हणजे त्याचा अभाव, असे सरळ समीकरण कोणीही मांडेल. पण 1985 मध्ये मँगेल आणि डाउलिंग या संशोधकांनी कार्प मासे दीड तासाहून अधिक काळ अंधारात ठेवले, तेव्हा आडव्या पेशींचा प्रतिसाद मंदावला आणि त्या ज्या भागातून संदेश घेतात ते क्षेत्रही आक्रसले, म्हणजे डोपामिन दिल्यावर होते अगदी तसेच झाले. या निष्कर्षाने मला बरीच वर्षे छळले.

पुढे गोल्डफिशवरच्या कामातून जैविक घड्याळाचा भाग स्पष्ट झाला. सतत अंधारात ठेवलेल्या माशाचे दृष्टिपटलही दिवस आणि रात्र पाळते: त्याच्या हिशेबाने रात्र असेल तर मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक डोपामिनला दाबून धरते आणि दंडपेशी व शंकुपेशी यांच्यातील जोड खुले होतात, दिवस असेल तर डोपामिन वाढते आणि तेच जोड बंद होतात. दुपारचा अंधार आणि मध्यरात्रीचा अंधार माशासाठी एक नसतात.

उमेदवारीच्या काळात मी दुपारच्या आणि रात्रीच्या माशांची मापे एकत्र करून सरासरी काढली होती. आलेखाकडे बराच वेळ पाहून माझ्या मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, "यातला कुठला मासा किती वाजता काढलास?" त्या वहीत मी वेळ लिहिलीच नव्हती.