हँगिंग कुंडीला पाणी किती घालायचं?

हे मला लय जण विचारतात आणि माझं सांगणं एकच असतंय, आधी कुंडी खालनं तळहातानं जराशी उचलून बघा. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर राहू दे. वरची माती बोटानं चाचपून हँगिंगचं काय कळत नाही, कारण वारा वरचा थर दुपारपर्यंत सुकवतो आणि आत मुळाशी चिखल तसाच असतो.

जमिनीतल्या झाडाला खाली ओल मिळते, शेजारच्या झाडाची सावली मिळते. टांगलेल्याला चारी बाजूनं वारा, त्यात माती मूठभर, म्हणून मार्च ते मे सकाळी एकदा पाणी पुरत नाही, संध्याकाळी पण बघायला लागतंय. आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-चिकोडीकडं असाल तर जास्तच, तिकडचं ऊन आणि खानापूरकडचं ऊन एक नव्हे.

माती कशी करायची तर निव्वळ बागेतली माती नको. आपली तांबडी माती भिजली की घट्ट बसते आणि वजन पण वाढवते. मी अर्धं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, उरलेल्यात निम्मी माती, निम्मं गांडूळ खत असं घेते, आणि तळाला नारळाच्या शेंड्या. एवढं करूनपण 10 इंची कुंडी पाणी प्याल्यावर 4-5 किलोला जाते, त्यामुळं जुन्या घरांच्या सोप्यात वाशाला टांगणार असाल तर वासा आधी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तिथं नकोच.

कोकोपीटची एक खोड आहे ती मात्र नीट समजून घ्या. ते एकदा पार कोरडं झालं की पाणी धरतच नाही, वरनं ओतलेलं कडेनं सरळ खाली येतं आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं. अशी कुंडी उतरवून टबात किंवा घमेल्यात पाणी घेऊन बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, 15-20 मिनिटं तरी लागतात. गावाला जाऊन आलं की आमच्याकडं हे ठरलेलं काम.

झाडं कुठली लावायची हे ऋतू बघून ठरवा, बाजारात काय फुललंय ते बघून नको. पिटुनिया इतका सुंदर दिसतो पण तो थंडीचा, पाऊस संपला की लावायचा, मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत फुलं. आपलं बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर, रात्री गार असतात, म्हणून इथं तो छान येतो. शेंडे खुडत राहायचं, वाळलेली फुलं काढत राहायचं, नाहीतर नुसत्या लांब काड्या होतात. उन्हाळ्याला चिनी गुलाब, म्हणजे ऑफिस टाईम, त्याची बोटभर काडी खोचली तरी जगते, शेजारच्या अक्कांकडनं मागून घ्या की, विकत कशाला? सावलीच्या गॅलरीला स्पायडर प्लांट, मनी प्लांट, नेचे.

पाणी सारखं घातल्यामुळं खत पण धुऊन जातंय, म्हणून फुलझाडांना 15 दिवसांनी 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत, लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम, आणि ते ओल्या मातीतच द्यायचं. पांढरा कापशी किडा दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं पण फवारायचं. कुंडी जरा फिरवत पण राहा, नाहीतर एकाच बाजूला दाट आणि भिंतीकडं टक्कल.

वळीव हा खरा धोका. एप्रिल-मेमधी आभाळ भरलं, वारा सुटला की सगळ्या कुंड्या उतरवून भिंतीशी जमिनीवर ठेवायच्या, गारा आल्या तर पानांची चाळण होते आणि भरलेली कुंडी वाऱ्यानं सुटून कुणाच्या डोक्यात पडली तर काय करणार? म्हणूनच मी लोकांना सांगते उंच टांगू नका. हात पोचेल, उचलता येईल, रोज नजरेला पडेल एवढंच वर.

जून-जुलैमधी उलटं. धार लागली की ऑफिस टाईमच्या काड्या बुडातनं कुजतात, त्यांना पागोळ्यांच्या आत घ्या आणि पाणी पार बंद. नेचे आणि स्पायडर मात्र बाहेर राहू दे, फक्त खालची भोकं मातीनं बुजली नाहीत ना हे काडी घालून बघत जावा.