आमची वाटचाल: चार अँटेना आणि एक जळालेला ॲम्प्लिफायर

धुळ्यात आमचं वर्कशॉप आहे. माणसं सात, त्यात मीही आलो. पाटीवर ‘अँटेना’ असं लिहिलंय म्हणून आजही कुणी ना कुणी डिशची छत्री घेऊन येतं, ‘एवढं बघता का’ म्हणतं. बघतो. नाही म्हणायची सवय दादांनी लावली नाही.

धंदा त्यांचाच. १९८४च्या सुमारास दूरदर्शनची १०० वॉटची छोटी प्रक्षेपण केंद्रं देशभर भराभर उभी राहिली, तेव्हा रेडिओ दुरुस्ती करता करता दादांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून यागी अँटेना, म्हणजे गच्चीवरच्या माशाच्या काट्यासारख्या टीव्ही अँटेना, बनवायला घेतल्या. गच्चीवर जीआय पाइप फिरवायचं काम माझं. खालून टीव्हीसमोरच्या काकू अहिराणीत ओरडायच्या, ‘‘नई उनं!’’ म्हणजे चित्र आलं नाही. मग बोटभर आणखी फिरवायचं. ‘‘उनं, उनं! ऱ्हाऊ दे आते!’’

केबल आली आणि यागी भंगारात गेली. मधली वर्षं लाउडस्पीकर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीत काढली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुन्हा अँटेनाकडे वळलो ते शेतामुळे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा सरकारने २००५ साली लहान यंत्रांसाठी विनापरवाना खुला केला होता. पुढे शिरपूर-चोपड्याकडच्या केळीवाल्यांना मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर हवे झाले, ते याच पट्ट्यात बोलतात. प्रत्येकाचं म्हणणं एकच: ‘रेंज पुरत नाही, जास्त वॉटचा ट्रान्समीटर टाका.’ नियम असा की ट्रान्समीटर १ वॉटचा, आणि अँटेनाचा जोर धरून ४ वॉट, पुढे नाही. म्हणजे अँटेना जितकी तगडी, तितका ट्रान्समीटर कमी करायचा. दोघांचा हिशोब एकाच वहीत. हे समजावताना मी तिफण काढायचो. चाड्यात मूठ सोडली की बी तीन नळ्यांतून तीन फणांत जातं. चाडं म्हणजे ट्रान्समीटर, नळ्या म्हणजे केबल, फण म्हणजे अँटेना. बी वाढत नाही, कुठे पडायचं ते ठरतं.

गंमत म्हणजे १९०५मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी रेडिओ लहर एका दिशेला वळवून दाखवली, तीही तीनच अँटेना घेऊन. पाइप फिरवायचा नाही. प्रत्येक अँटेनाला लहर किंचित पुढेमागे द्यायची. त्यालाच फेज म्हणतात. अँटेना अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे आमच्या पट्ट्यात १७ सेंटीमीटरला थोडं वर, ओळीने ठेवल्या आणि शेजारशेजारच्या दोघींत ९० अंशांचा फरक दिला, की झोत ३० अंश वळतो. चार अँटेनांना पाव-पाव वॉट दिला तरी त्या दिशेला एका अँटेनाच्या १ वॉटपेक्षा चौपट जोर मिळतो. बाकीच्या दिशा तेवढ्या उपाशी राहतात.

चार अँटेनांचा पहिला संच बनवला तेव्हा झोत वाकडाच येत होता. दोन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. शेवटी केबलला टोकं दाबून बसवणाऱ्या आमच्या क्रिंपिंगवाल्या ताईंनी चारही केबल टेबलावर शेजारी ठेवून पट्टी लावली. एक केबल सेंटीमीटरभर मोठी! हवेत पस्तीसेक सेंटीमीटरची असलेली ही लहर साध्या आरजी-५८ केबलमध्ये आखडून साधारण २३ सेंटीमीटरची होते, त्यामुळे सेंटीमीटरभराची चूक म्हणजे फेजमध्ये जवळपास १६ अंश. तेव्हापासून केबल कापायचं काम ताईंकडेच.

मग एक मोठं काम मिळालं. एका संशोधन प्रकल्पाला झोत वळवता येणारा ट्रान्समीटर हवा होता, परवाना त्यांचा. चार अँटेना, प्रत्येकीमागे १० वॉटचा वेगळा ॲम्प्लिफायर, म्हणजे लहरीची ताकद वाढवणारा. हा घाट मला आवडतो: ताकदीचे वाटे पाडणाऱ्या स्प्लिटरमध्ये काही वाया जात नाही, आणि एखादा बंद पडला तरी उरलेले तीन काम करतात. झोताच्या दिशेला जोर मात्र नऊ-सोळांश उरतो, पाऊण नाही; लहर पाऊण होते, जोर तिच्या वर्गाइतका. ॲम्प्लिफायर त्यांनी आणले, अँटेना आम्ही. अँटेना किती लहर परत फेकते ते मोजणाऱ्या यंत्रावर, व्हीएनएवर, एकेक अँटेना तपासली, मॅचिंग झकास. झोत समोर ठेवून तासभर चालवलं, काही नाही. ५० अंशांवर वळवला आणि दहा मिनिटांत मधल्या ॲम्प्लिफायरमधून जळका वास आला.

चूक आमची होती. शेजारशेजारच्या अँटेना एकमेकींची लहर ओढतात आणि ती केबलमधून मागे, ॲम्प्लिफायरच्या अंगावर येते. झोत समोर असताना आमच्या मांडणीत या परतणाऱ्या लहरी बऱ्याच कटत होत्या. फेज बदलला तसा त्यांचा मेळ बदलला, आणि त्याच ॲम्प्लिफायरला अँटेना निराळीच दिसू लागली. आम्ही एकेकटी मोजली होती, चौघी मिळून कधीच नाही. ॲम्प्लिफायर भरून दिला. ते ग्राहक परत आले नाहीत.

आता प्रत्येक ॲम्प्लिफायरपुढे सर्क्युलेटर असतो. परत आलेली शक्ती तो बाजूच्या रेझिस्टरमध्ये जिरवतो. झोत ४५ अंशांपलीकडे नेत नाही, आणि दर कोनाला मोजतो. नुसती अँटेना मागणाऱ्याला मी म्हणतो, ॲम्प्लिफायरही पाठवा. गेल्या महिन्यात एक जण यावर चिडलेच: ‘‘अँटेना विकताय की चौकशी करताय?’’ शनिवारी एसटीच्या पार्सलने त्यांचं खोकं आलं. सोमवारी मोजायला घेऊ.