अंदाजपंचे दाहोदरसे

दाहोदरसे म्हणजे एकशे दहा. जुन्या पाढ्यातलं ‘बावीस पंचे दाहोदरसे’. बाविसाचा पाढा ऐन वेळी न आठवलेल्या कुण्या पोराने बाविसाच्या जागी ‘अंदाज’ ठोकून दिला असणार, आणि तेव्हापासून अंदाज बांधणारा माणूस चेष्टेचा विषय झाला. मला त्या पोराचं कौतुक वाटतं. बाविसाऐवजी वीस धरून पाचपट केली तरी शंभर येतात. बिघडलं कुठे?

शाळेत घातांकांनी माझा बऱ्यापैकी घात केला होता. एकावर किती शून्यं, एवढंच ते सांगतात हे फार उशिरा कळलं. मग नादच लागला. परवा आरशासमोर उभं राहून डोक्यावरचे केस मोजले. म्हणजे, न मोजता मोजले. डोक्याचा केसाळ भाग अर्ध्या चेंडूसारखा, त्रिज्या नऊ-दहा सेंटिमीटर. क्षेत्रफळ पाचशे-सहाशे चौरस सेंटिमीटर. नखाएवढ्या एका चौरसात दोनशेच्या आसपास केस धरले. गुणाकार एक लाखाच्या घरात गेला. दहाचा पाचवा घात.

हे झालं भरल्या डोक्याचं. माझे निम्मे गेलेत, उरले ५० हजार. पण इथे एक मौज आहे. दहाच्या घातांच्या जगात एक आणि दहा यांचा मध्य साडेपाच नव्हे, तर तीनच्या जरा पुढे असतो, कारण ३.१६ ला ३.१६ ने गुणलं की दहा होतात. त्यामुळे ३२ हजारांच्या वर जे काही असेल ते लाखाकडेच झुकतं. या हिशेबाने माझ्या डोक्यावर अजून लाखभर केस आहेत. घरात हे कुणाला पटलेलं नाही.

या विद्येतला उस्ताद म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी. १६ जुलै १९४५ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. धक्क्याची लाट पोचायच्या सुमारास त्याने हातातले कागदाचे कपटे सोडले. ते अडीच मीटरभर सरकले, तेवढ्यावरून त्याने स्फोटाची ताकद दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी सांगितली. नंतरच्या मोजणीत ती एकवीस हजारांच्या आसपास निघाली. दुपटीची चूक! पण घात तोच, चौथा. कपट्यांकडून आणखी काय अपेक्षा करायची?

कागदावरून आठवलं, लहान गोष्टींना हीच युक्ती उलटी लावावी लागते. एका कागदाची जाडी पट्टीने मोजता येत नाही, पण पाचशे कागदांच्या गठ्ठ्याची येते: पाचएक सेंटिमीटर. म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर, मीटरमध्ये दहाचा उणे चौथा घात. अणूचा व्यास साधारण उणे दहावा. दहातून चार गेले, सहा उरले. कागदाच्या जाडीत दहा लाख अणू एकावर एक बसतात. भागाकार केलाच नाही, नुसती वजाबाकी.

मोठ्या संख्यांना आपल्याकडे नावं तरी आहेत. लहानांची बोळवण ‘तीळभर’, ‘केसभर’ एवढ्यावरच. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त एकपासून दहा-दहा पटींनी अठरा नावं दिली आहेत, खर्व, निखर्व, महापद्म करत शेवटचं परार्ध, एकावर सतरा शून्यं. एवढं कशाला लागत असेल, असं मला वाटायचं. मग एका रात्री झोप येईना म्हणून विश्वाचं वय सेकंदांत काढलं. वर्षाचे सेकंद तीन कोटींच्या थोडे वर, वर्षं १३८० कोटी. घातांची बेरीज केली, पुढचे आकडे गुणले, आणि उत्तर आलं चार परार्ध.

साडेचारही असतील. चाळीस मात्र नाहीत.