तिथून काय दिसत नाही

राजापुरीच्या धक्क्यावरून जंजिरा अख्खा दिसतो. बुरूज मोजता येतात, तटाचे काळे दगड दिसतात. दिसत नाही तो दरवाजा. होडी निघते, शीड फुगतं, किल्ला अंगावर यायला लागतो, तरी दरवाजाचा पत्ता नाही. आता तटावरच आपटतो की काय असं वाटावं, तेव्हा दोन बुरुजांमधून तो एकदम पुढ्यात येतो. तो असतो राजापुरीकडेच तोंड करून. होडीवाले हे ओळखून असतात. अर्ध्या पाण्यात आल्यावर मुद्दाम विचारतात, "सांगा बघू, दरवाजा कुठाय?"

दृष्टिकोनाचा विषय निघाला की जो तो आपल्याला काय दिसतं ते हिरिरीने सांगायला लागतो. मला मात्र आपण उभे आहोत तिथून काय दिसत नाही यातच जास्त गंमत वाटते.

पुळणीवर पाण्याच्या कडेला उभं राहिलं तर क्षितिज असतं जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर. १०० मीटर उंच कड्यावर चढलं की तेच जातं ३५ किलोमीटरच्या पुढे. दीपगृहं उंचावर बांधतात ती यासाठीच. पण उंचीचंही फार कौतुक नको. कड्यावरून होड्या मोजता येतील, कुणाच्या जाळ्यात बांगडा आलाय आणि कुणाच्या नुसता कचरा, ते कळायला खाली धक्क्यावरच यावं लागतं.

रत्नागिरीत थिबा पॉइंटवर संध्याकाळी गर्दी असते. खाली भाट्याची खाडी, पूल, पलीकडे समुद्र. लोक सूर्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. ज्याच्या नावाचा हा पॉइंट, त्या ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला. १९१६ साली तो इथेच वारला. पॉइंटवरून राजवाडा काही लांब नाही, तेव्हा हा समुद्र त्याच्याही नजरेला पडत असणार. पाहताना त्याच्या मनात काय येत होतं? कादंबरीकार खुशाल आत शिरेल आणि चार प्रकरणं लिहील. ललित लिहिणाऱ्याला तेवढी मुभा नाही. त्याने व्हरांड्याच्या बाहेर उभं राहावं.

मनात शिरायची मुभा आमच्या वाडीत फक्त एका काकूंना आहे.

झालं असं की पावसात एक गडगा ढासळला, आणि परत रचला तेव्हा तो दोन हात सरकला होता म्हणे. सरकला तो नेमका रातांब्याच्या पलीकडे. आबांचं निवेदन प्रथमपुरुषी. "मी फक्त पडलेले धोंडे उचलून ठेवले. मला काय करायचाय तो रातांबा? आमसुलं विकत मिळतात." काकू म्हणजे सर्वसाक्षी निवेदक. आबांच्या मनात गेल्या शिमग्यापासून काय होतं, शेजाऱ्याने मुंबईत बसून काय ठरवलं, शेजाऱ्याच्या बायकोला आतून काय वाटलं, सगळं त्यांना ठाऊक. ऐकायला मजा येते, पण दहा मिनिटांत कंटाळा येतो. सगळंच कळल्यावर ऐकणाऱ्याने करायचं काय?

खरी गोष्ट सांगितली ती आमच्या शेजारच्या सात-आठ वर्षांच्या पोराने. तो पेरूच्या झाडावर होता. त्याला गडगा, हद्द, सातबारा यातलं काही ठाऊक नाही. तो एवढंच म्हणाला, "आबा धोंडे ठेवत होते. मग त्यांनी रातांब्याला हात लावला. वर बघितलं. तेवढ्यात आजीने हाक मारली, तर त्यांनी हात पटकन मागे घेतला." आणि वर विचारलं, "झाडाला मुंग्या होत्या काय?"

मला यात भर घालावीशी वाटत नाही. पोराला कारण दिसलं नाही, म्हणून त्याला हात दिसला. मोठ्यांपैकी कुणी त्या पेरूवर असता तर त्याने "आबा जमीन ढापत होते" असं एका दमात सांगून टाकलं असतं, आणि तो मागे घेतलेला हात आपल्यापर्यंत आलाच नसता.

आता मोजणी आणायची ठरली आहे. नकाशावर हद्द येईल, रातांबा बहुधा येणार नाही. काकूंना ते मुळीच पसंत नाही. "मोजणीवाला काय डोंबल सांगणार?" त्या म्हणाल्या. "मला विचारा म्हणावं."