आडवी बाटली, अर्धा पाइंट

आडव्या बाटलीवर शिक्का मारून आलेली बाई मी. आमच्या गावात देशी दारूचं दुकान बंद करायचं मतदान झालं तेव्हा मी शाळेत शिकवत होते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहणार, आडवीवर मारला तर जाणार. त्यात मेख अशी की मतदानाला आलेल्यांमध्ये नव्हे, गावातल्या एकूण बायकांमध्ये निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. म्हणून खुरपायला गेलेल्या बायकांना सरपंचबाई आणि मी रानारानातून टेम्पोत घालून आणल्या होत्या. दुकान गेलं. दारू नाही गेली, ती शेजारच्या गावाहून पिशवीतून यायला लागली, पण तो वेगळा विषय.

तर अशा बाईला जावई म्हणाले, "आई, शनिवारी पबमध्ये जेवायला जाऊ."

लेक लीड्सला असते. आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. पब हा शब्द मी तोवर फक्त पुण्याच्या बातम्यांत ऐकलेला. रात्री दीडला पोलीस येतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पोरींच्या कपड्यांवर चर्चा होते, ते ठिकाण. तिथे सासूला कोण नेतं? मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, तसला नाही गं. खेड्यातला आहे. म्हाताऱ्या बायका कुत्रं घेऊन येतात."

यांचा चेहरा मात्र उजळला होता. आमचे हे कधी पीत नाहीत, फक्त 'मीटिंग' असते. पस्तीस वर्षं मीटिंगहून लवंग चघळत येतात आणि मी पस्तीस वर्षं दातांची चौकशी करते. आता जावयासमोर काय करायचं हा प्रश्न त्यांना पडला असेल असं मला वाटलं. तो त्यांना पडलेला नव्हता.

गाव हडस्वेल, यॉर्कशायरच्या उत्तरेला, रिचमंडपासून दोन-अडीच मैलांवर. लेक गाडी चालवत होती, कारण परत येताना तिनेच चालवायची असं ठरलेलं. वाटेभर दगडी कुंपणं, त्यांच्या आत मेंढ्या, आणि ऊन असं की सारखं विचारावं लागतं, आहेस ना? जावई म्हणाले, अजून पश्चिमेला वर गेलं की टॅन हिल नावाचा पब लागतो, १७३२ फुटांवर, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा. २०२१च्या नोव्हेंबरात तिथे गाणी ऐकायला साठेक माणसं जमली, बाहेर बर्फाचं वादळ झालं आणि सगळी तीन रात्री आत अडकली, गाणाऱ्यांसकट. "तीन दिवस?" हे म्हणाले. त्या आवाजात सहानुभूती नव्हती.

पबचं नाव जॉर्ज अँड ड्रॅगन. दगडाचं साधं घर. आत शिरले तर मला धक्का बसला तो वासाचा, म्हणजे वास नव्हताच. लाकूड, तळलेले बटाटे, थोडंसं ओलं कुत्रं. एका भिंतीला पुस्तकांची कपाटं, गावाचं वाचनालय. एका बाजूला छोटं दुकान. मागच्या बाजूला बाकं मांडलेली आणि खाली स्वेल नदीचं खोरं पसरलेलं, इतकं हिरवं की वाईच्या श्रावणाला जरा राग यावा.

इथे जावयांनी सांगितलेली गोष्ट माझ्या घशात अडकली. हा पब २००८ साली बंद पडला होता. गावात दुसरं काहीच नव्हतं. मग गावकऱ्यांनी सोसायटी काढली, शेअर विकून पैसे उभे केले आणि २०१०मध्ये पब विकत घेऊन पुन्हा उघडला. वाचनालय, दुकान, भाजीपाल्याचे वाफे, सगळं त्यानंतरचं. पुढे २०१६चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून त्याची निवडही झाली. त्याच्या आधी, २००३मध्ये, कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या गावाने आपला पब असाच सहकारातून घेतला होता. सहकार! साताऱ्याच्या माणसाला हा शब्द सांगायचा? आम्ही साखर कारखाने काढले, सूतगिरण्या काढल्या, दूध संघ काढले. पण गुत्ता सहकारातून चालवावा हे कुणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, चेअरमन कोण यावर अडलं असेल.

मी लेकीला विचारलं, "बायकांनीपण शेअर घेतले?"

"घेतले असणारच की."

म्हणजे आमच्याकडच्या बायका टेम्पोत बसून दुकान बंद करायला आल्या, आणि इथल्या बायका पैसे घेऊन उघडायला. मी बराच वेळ हे दोन्ही शेजारी ठेवून बघत बसले. जुळेनात.

तेवढ्यात जावई उठले, कारण इथे वेटर येत नाही. आपणच काउंटरपाशी जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे, ग्लास आपणच सांभाळत आणायचे. रांग नसते, पण कोण आधी आलं हे काउंटरमागच्या बाईला बरोबर माहीत असतं. एसटीच्या दारात उभं राहून वाढलेल्या माणसाला हा चमत्कार आहे. काउंटरवर लाकडी मुठीचे चार-पाच दांडे उभे, प्रत्येकावर बिल्ला. बाई दांडा ओढते, हापसा मारावा तसा, आणि ग्लासात तांबूस रंग चढत जातो. हापसाच तो. जोसेफ ब्रामा नावाच्या इथल्याच यॉर्कशायरच्या माणसाने १७९७मध्ये बिअर उपसायच्या पंपाचं पेटंट घेतलं. वर गॅस नाही, वीज नाही, बाईचा दंड.

एका बिल्ल्यावर इंडिया असं लिहिलेलं होतं. इंडिया पेल एल. अठराव्या शतकात लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीतून पिंपं भरून जहाजं निघायची आणि आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिन्यांनी मुंबईला, कलकत्त्याला लागायची. तिथल्या साहेबांसाठी. म्हणजे आपल्या नावाची बिअर आणि आपल्याला घोट नाही. मी घेतली तीच, अर्धा पाइंट. अर्ध्या पाइंटात २८४ मिलि. असतात, म्हणजे आमच्या घरच्या ताकाच्या पेल्यापेक्षा जरा जास्त. जावयासमोर मी पेला उचलला, त्यांनी नजर खोऱ्याकडे वळवली. कोल्हापूरचे असले तरी सुसंस्कृत आहेत.

कडू. आधी कारलं, मग मागून थोडी संत्र्याची साल, मग भाजलेल्या धान्याचा वास. आणि गार नाही. हे म्हणाले, "फ्रीज बिघडलाय का यांचा?" जावयांना या प्रश्नाची वाटच होती.

ही जी बिअर, तिला रिअल एल म्हणतात, ती जिवंत असते. भट्टीतून निघते तेव्हा तिच्यातलं यीस्ट मेलेलं नसतं. पिंपात भरल्यावरही ते काम करत राहतं, थोडी साखर खातं, थोडा फेस धरतं. पबच्या तळघरात पिंप आडवं ठेवतात. (आडवं! मी मनात म्हटलं.) तापमान अकरा ते तेरा अंश, त्याहून कमी केलं तर चव झोपते. वरच्या भोकात लाकडाची खुंटी मारतात, आधी मऊ लाकडाची, तिच्यातून जास्तीचा वायू निघून जातो, मग कडक लाकडाची. गाळ तळाला बसेपर्यंत पिंपाला हात लावायचा नाही. आणि एकदा तोटी ठोकली की तीन दिवसांत संपवायची. नऊ गॅलनचं पिंप, त्याला फर्किन म्हणतात, त्यात ७२ पाइंट. गावाने तीन दिवसांत ७२ पाइंट प्यायले नाहीत तर ती आंबून जाते.

मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं. विरजण लावणारीला कळणार नाही तर कुणाला? थंडीत दह्याचं भांडं कणगीत ठेवायचं, आंबोळीचं पीठ चढलं की झाकण हलकं करायचं, मध्येच ढवळायचं नाही, आणि चढलं की त्याच दिवशी घालायच्या. माठातलं पाणी आणि फ्रीजमधलं पाणी यांत जो फरक तोच या बिअरमध्ये आणि बाटलीतल्या गार बिअरमध्ये. फ्रीजच्या पाण्याने दात कळतात, माठाच्या पाण्याने पाणी कळतं.

साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांना हा व्याप नको झाला. त्यांनी बिअर गाळून, तापवून, म्हणजे मारून, धातूच्या बंद पिंपात भरली आणि वायूच्या दाबाने वर ढकलायला सुरुवात केली. टिकते, सगळीकडे सारखी लागते, तळघरात कुणी राबावं लागत नाही. तेव्हा १९७१मध्ये चार तरुण इंग्रज आयर्लंडमध्ये सुटीवर गेले असताना केरी परगण्यातल्या एका पबात बसून चिडले आणि त्यांनी तिथेच संघटना काढली. तिचं नाव कॅम्रा, म्हणजे रिअल एल वाचवायची मोहीम. मी चळवळीतली बाई आहे, त्यामुळे दारूत बसून काढलेली चळवळ टिकत नाही हे छातीठोकपणे सांगितलं असतं. ही टिकली. तिची पबची यादी १९७४पासून दर वर्षी पुस्तकरूपाने निघते.

यांचा दुसरा ग्लास अर्धा झाला होता. शनिवार होता आणि हे शनिवार कडक पाळतात. मटण, अंडं, काही नाही. बिअरबद्दल मारुतीने काही सांगितलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग जावयांनी, सरळ मनाने, सांगून टाकलं की बिअर नितळ व्हावी म्हणून पारंपरिक पद्धतीत तिच्यात माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून घालतात. गाळ तिला चिकटतो आणि खाली बसतो.

"माशाची?"

"हो बाबा. आपल्याकडच्या घोळ माशाची पिशवी असते ना, तशीच. २०२१मध्ये पालघरच्या मच्छीमाराला दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि सव्वा कोटीच्या वर पैसे आले, ते त्या पिशव्यांमुळेच."

यांनी ग्लास टेबलावर ठेवला. उजेडाकडे धरून पाहिला. बिअर काचेसारखी नितळ होती, म्हणजे पुरावा भक्कम होता. जावई घाईने म्हणाले की हल्ली कित्येक जण ती घालत नाहीत, या पिंपात नसेलही. हे थोडा वेळ विचारात बसले. मग म्हणाले, "मासा खाली बसला ना? मग वर काय राहिलं?" आणि ग्लास संपवला. मारुतीसमोर हा युक्तिवाद कसा टिकला ते अजून कळलेलं नाही.

जेवणात पाय मागवले होते. हसू नका, पीठाच्या पारीत सारण भरून भाजतात त्याला इथे पाय म्हणतात, आणि हा शब्द ऐकून कोल्हापूरच्या माणसाला जे वाटतं ते जावयांनाही पहिल्यांदा वाटलं होतं. माझ्यात बिअरमध्ये शिजवलेलं बीफ नव्हतं, चिकन होतं. यांच्यात चीज आणि कांदा. पारी करंजीसारखी खुसखुशीत, बाजूला बोटाएवढे जाड चिप्स आणि हिरव्या वाटाण्याचा गरगट, ज्याला फोडणी दिली असती तर मी रोज खाल्ला असता. पण खरं सांगायचं तर आदल्या रविवारचा यॉर्कशायर पुडिंगचा प्रकार मला जास्त भावला. पुडिंग म्हणून मी गोडाची वाट पाहत होते, आला फुगलेला पोकळ पिठाचा वाडगा, त्यात मटणाचा रस्सा. पूर्वी हे मांसाच्या आधी वाढायचे, पोट यानेच भरावं आणि मांस कमी लागावं म्हणून. माझी आजी हेच करायची. रश्शात भाकरी कुस्करून आधी खा म्हणायची, फोडी मागून. किती होत्या ते तिलाच माहीत असायचं.

जेवताना मी आजूबाजूला पाहत होते. कोपऱ्यातले आजोबा एक पाइंट घेऊन तासभर बसले होते. एक बाई पुस्तक बदलून गेली, प्यायली काहीच नाही. दोन शेतकरी, बुटांना शेण, मेंढ्यांवरच बोलत असावेत. एक बाळ टेबलाखाली कुत्र्याशी भांडत होतं. हा आमच्या गावाचा पार होता, फक्त छप्पर घातलेला, आणि पारावर ज्यांना बसू देत नाहीत त्यासुद्धा बसलेल्या.

आमच्या दुकानात बाकडं नव्हतं. जाळीतून हात आत जायचा, पावशेर बाहेर यायचा, उभ्याउभ्या घशात ओतला जायचा. देशी चाळीस टक्क्यांच्या वर असते, ही बिअर चारच्या आसपास. खायला म्हणून जिभेवर मीठ. बाई तिथे दिसली तर ती नवऱ्याला ओढून न्यायला आलेली. प्यायलेला माणूस बोलायचा तो घरी येऊन, आणि काय बोलायचा ते मला शाळेत दुसऱ्या दिवशी पोरांच्या गालांवर वाचता यायचं. जरा बरी सोय हवी असेल तर हायवेवर परमिट रूम. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे प्यायला अजूनही परवाना लागतो. तो कुणाच्या खिशात असतो ते मी पाहिलेलं नाही. यांच्याही नाही.

मी मत बदललं असं कुणी समजू नये. शनिवारी रात्री लीड्सच्या स्टेशनबाहेर मी काय पाहिलं तेही मला माहीत आहे, आणि उद्या गावात पुन्हा मतदान झालं तर मी पुन्हा टेम्पो काढीन. फक्त मतपत्रिकेवर दोनच बाटल्या का, असं मला त्या बाकावर बसून वाटलं. तिसरं चित्र काय काढायचं ते मात्र सुचेना.

अर्धा पाइंट मी संपवला. निघताना इथे आपले ग्लास आपणच काउंटरवर नेऊन ठेवतात, बंधन नाही, पण बरं दिसतं. मी चारही गोळा करून नेले, सवयीने विसळायला नळ शोधला. काउंटरमागची बाई 'थँक्यू, लव्ह' म्हणाली. साठी उलटल्यावर मला कुणी असं म्हटलं नव्हतं, त्याआधीही नव्हतं.

गाडीत मागच्या सीटवर बसलो. लेकीने आरसा नीट केला. यांनी खिशातून लहानशी डबी काढली, तीच, पस्तीस वर्षांची. एक लवंग तोंडात टाकली. मग पुढे दोघांचं लक्ष नाही असं बघून दुसरी माझ्या हातावर ठेवली.