हॅरिस पार्कमधली ओसरी

सिडनीत लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. शनिवारी ती म्हणाली, "आई, आज हॅरिस पार्कला जाऊ. पाणीपुरी खाऊ." एवढे समुद्र ओलांडून पाणीपुरी! पण तिचा उत्साह बघून निघाले. निघताना जावई म्हणाले, "आई, तिथं जवळच दोनशे वर्षांपूर्वीची घरं आहेत. ती आधी बघा. खाऊन झाल्यावर पाय चालायचे नाहीत." हे त्यांचं म्हणणं पुढे खरं ठरलं.

इथल्या 'सबर्ब'ला आपण उपनगर म्हणतो खरं, पण माझ्या पुणेरी डोक्याला ती पेठ वाटते. हॅरिस पार्क तर इतकं लहान की आमच्या सदाशिव पेठेच्या एका कोपऱ्यात मावेल. सिडनीच्या मध्यापासून वीसेक किलोमीटर पश्चिमेला, पॅरामाटाच्या अलीकडचं स्टेशन. पॅरामाटा हे नाव तिथल्या मूळच्या बुरामट्टागल लोकांवरून आलंय. नदीत वाम मासे जमतात ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. कोकणातल्या माणसाला हे ऐकून लगेच भूक लागावी.

आम्ही आधी गेलो एलिझाबेथ फार्मला. पत्ता पाहिला तर शेजारच्या रोझहिल सबर्बचा, पण चालायला दहा-पंधरा मिनिटं. 1793 मध्ये जॉन मॅकार्थर या लष्करी अधिकाऱ्यानं हे घर बांधायला घेतलं आणि बायकोचं नाव दिलं. ऑस्ट्रेलियात युरोपियनांनी बांधलेल्या नि आज उभ्या असलेल्या घरांत हे सगळ्यात जुनं. मॅकार्थर भांडकुदळ. एका द्वंद्वापायी एकदा, आणि 1808 च्या गव्हर्नरविरुद्धच्या बंडानंतर दुसऱ्यांदा, असा वर्षानुवर्षं इंग्लंडात जाऊन बसला. मेंढ्या, हिशेब, पोरंबाळं सगळं इकडे एलिझाबेथच्या अंगावर. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो लोकरीचा जनक म्हणून नाव मात्र त्याचं. कुठल्याही घराण्याची कुळकथा काढा, असंच सापडेल.

या संग्रहालयाची एक गंमत फार आवडली. 'हात लावू नये' अशी पाटी नाही, दोरखंड नाहीत. वस्तू मुळाबरहुकूम केलेल्या नकला आहेत, त्यामुळे खुर्चीत बसा, खण उघडा, कुणी काही म्हणत नाही. मी टेबलाशी बसून पत्र लिहिण्याचा आव आणला, लेकीनं फोटो काढला.

मग मागच्या दारानं बाहेर आले आणि थबकले. खाली उतरत आलेलं छप्पर, बारीक लाकडी खांब, सावलीत गार हवा. अगं, ही तर आपली ओसरी! लेक म्हणाली, "व्हरांडा म्हण." म्हटलं, तो शब्दही हिंदुस्थानातूनच इंग्रजीत गेला, आणि बंगलाही. साहेबानं उन्हाच्या देशात राहायचं कसं हे आपल्याकडे शिकून घेतलं आणि छपरासकट इकडे आणून ठेवलं. त्या खांबाला टेकून अर्धा तास बसले. घर 1904 मध्ये स्वान कुटुंबानं घेतलं आणि त्यांच्या लेकी 1968 पर्यंत इथं राहिल्या, म्हणून ते पाडलं गेलं नाही. म्हणजे वाचवणाऱ्याही पुन्हा बायकाच.

तिथून विग्रॅम स्ट्रीटला आलो तेव्हा चार वाजले होते. बुटकी जुनी घरं, त्यांच्या अंगणात टेबलं मांडलेली, आत हॉटेलं. कढईतल्या तेलाचा वास कोपऱ्यावरूनच येतो. पूर्वी इथं लेबनीज वस्ती मोठी होती, त्यांचं आवर लेडी ऑफ लेबनॉन हे चर्च अजून आहे. आता जवळपास निम्मे रहिवासी भारतात जन्मलेले. किराणा, मिठाई, साड्या, भुवया कोरणं, पैसे पाठवणं, सगळं हाकेच्या अंतरावर. 2023 मध्ये आपले आणि त्यांचे पंतप्रधान मिळून 'लिटल इंडिया'च्या कमानीची कोनशिला जाहीर करून गेले. लेक म्हणाली, "पण 2009 मध्ये इथं भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते, तेव्हा याच गल्ल्यांत आपली मुलं रात्री निषेधाला उतरली होती." ती इथं येण्याआधीची गोष्ट, पण तिला कुणीतरी सांगितलेली.

पाणीपुरी बरी होती. पाणी तिखट, पण पुदिना कमी. मग शेवपुरी. मग "एक प्लेट ढोकळा, बाबांना फोटो पाठवू" झालं. मग चहा.

आणि रूझ स्ट्रीटवरच्या एक्सपेरिमेंट फार्मला पोहोचलो तर फाटक बंद. वेळ आधीच संपलेली, चूक सर्वस्वी आमच्या जिभेची. जेम्स रूझ हा 1788 मध्ये इंग्लंडातून कैदी घेऊन आलेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातला कैदी. वसाहत उपाशी मरत असताना गव्हर्नर फिलिपनं त्याला इथं जमीन कसायला दिली. एक माणूस स्वतःच्या धान्यावर जगायला किती काळ लागतो, हाच प्रयोग. 1791 मध्ये रूझनं सरकारी शिधा नको म्हणून सांगितलं आणि तीस एकर त्याच्या नावावर झाली. ती त्यानं 1793 मध्ये चाळीस पौंडांना विकली डॉक्टर जॉन हॅरिसला. सबर्बचं नाव त्याचं. हा डॉक्टरही नामी. कोर्टमार्शल झालं तेव्हा आरोपपत्रात चालू महिन्याऐवजी 'अल्टिमो', म्हणजे गेल्या महिन्याची, तारीख पडली आणि साहेब सुटले. त्या आनंदात दुसऱ्या एका इस्टेटीचं नाव ठेवलं अल्टिमो. आज लेक रोज कामाला जाते तो सिडनीचा भाग तोच. तिला हे माहीतच नव्हतं!

फाटकाच्या गजांतून आतलं घर दिसत होतं. बुटकं, पसरट, आणि पुढे पुन्हा तीच ओसरी.

"पुढच्या शनिवारी येऊ," लेक म्हणाली. "आणि आधी घर, मग पाणीपुरी."

जावयांसाठी बांधून घेतलेल्या कचोरीचं तेल तोवर कागदी पिशवीतून माझ्या पदराला लागलं होतं.